मशेरीचा तवा

२० नोव्हेंबर १९७७

नीलम्मानं ही वही दिली. दिवाळीला माहेरी आली होती, जाताना माझ्या हातात कोंबून गेली. म्हणाली, "अव्वा, तू मनातलं कुणापाशी बोलत न्हाईस आणि मग भांड्यांवर राग काढतीस. हितं काढ की." पोरीला काय जातंय सांगायला! अक्कलकोटला सासरी बसून आईला उपदेश. पण वहीचा पुठ्ठा जाड आहे, टाकवत नाही. बालवाडीतल्या पोरांना रोज गिरवायला लावते, पण सातवी झाल्यापासून मी स्वतः काही लिहिलेलं आठवत नाही.

तर काय लिहू? यांच्या डाव्या पायाचा अंगठा दसऱ्याच्या आधी कापला. कशानं, तर बिडीनं. डॉक्टर हत्तुरे तोंडावर बोलले, "गुरुसिद्धप्पा, बिडीच्या धुरानं तुमच्या पायातल्या शिरा आकसून बंद होत चालल्यात. बिडी आणि पाय, दोन्हीतलं एकच राहणार." मी तिथंच सांगून टाकलं, पाय राहणार. हे मिशी फुटायच्या आधी मिलमध्ये मागावर उभे राहिले, तेव्हापासून बिडी आहे. आता नाही. एकदाही नाही, मी पहारा ठेवलाय.

पण बिडी गेली आणि तिच्याबरोबर माणूसही गेला. दिवसभर ओट्यावर बसून समोरची भिंत बघतात. चहा दिला तर म्हणतात, "ह्यात साखर घालायची राहिली की तुझी." दोन चमचे घातली होती. शेंगाची चटणी म्हणे मातीसारखी लागते. नातू मांडीवर चढून मिशी ओढत होता, तर त्याला उचलून बाजूला ठेवला, मडकं ठेवावं तसा. नीलम्मा मोरीत जाऊन रडली. मी रडले नाही. मला वेळ कुठं होता.

२७ नोव्हेंबर

आज रविवार, बालवाडीला सुट्टी. मशेरी संपली होती म्हणून भाजायला बसले.

मशेरी भाजावी तर आमच्या सासूबाईंनी, असं अख्खी चाळ म्हणायची, आणि आता माझं नाव घेते. त्यांचाच बिडाचा तवा आहे. तंबाखूची पानं मंद आचेवर भाजायची, ती काळी होऊन कुरकुरीत झाली की हातानं चुरायची. कच्ची राहिली की दाताला झोंबते आणि करपली की नुसती राख. धूर मात्र असा होतो की सोजरबाई पलीकडच्या खोलीतून ओरडते, "झाली का गं बया, का मेलीस?" ही सोजरबाई माझी शेजारीण, मूळची सांगोल्याकडची. तिची आणि आणखी चार घरांची मशेरी मीच भाजते.

तर मी भाजत होते आणि हे लंगडत आत आले. पाट ओढला आणि चुलीपाशी बसले. "काय करलालीस?"

सव्वीस वर्षांत या माणसानं चुलीपाशी येऊन मला कधी काय करतेस म्हणून विचारलं नाही. मी म्हटलं, "दिसत न्हाई का?" तर हसले. तवा उतरेपर्यंत बसून राहिले. मी चहा दिला, तोच चहा, तीच साखर. एक घोट घेतला आणि म्हणाले, "आज चहा झाला बघ, रुद्राणी."

नावानं हाक मारली. एरवी मी "अगं ए" असते.

४ डिसेंबर

मशेरी आठवडाभर पुरते. पण गुरुवारी यांनी स्वतःच विचारलं, "मशेरी भाजायची न्हाई का?" मला हसू आलं. म्हटलं, "तुमाला काय करायचंय बाया-माणसांचं?" म्हणाले, "बसलो असतो जरा."

भाजली मग. सोजरबाईची पानं पडलीच होती.

आणि काय बोलले म्हणून सांगू! लग्नात माझ्या बापानं त्यांना दिलेली टोपी मोठी होऊन डोळ्यांवर येत होती, म्हणून नवरीचं तोंड आधी दिसलंच नाही, दिसल्या त्या नुसत्या तिच्या पायातल्या मासोळ्या. हे मला इतक्या वर्षांनी कळलं. बोलता बोलता हात शेकत बसल्यासारखे तव्याकडं सरकत होते. मी यांना कानडीत हाक मारते तशी म्हटलं, "री, धूर लागंल डोळ्याला." तर म्हणाले, "लागू दे. बरं वाटतंय."

माझ्या वयाच्या बाईनं हे लिहावं का, काय की. लिहिलं.

११ डिसेंबर

आता आठवड्यातून तीनदा-चारदा भाजणं होतं. मागच्या गल्लीतल्या बायकाही पानं आणून देतात, मी कुणाला नाही म्हणत नाही. सोजरबाई म्हणाली, "काय गं, म्हाताऱ्याला चुलीपाशी बसवून घेतीस म्हणं. पोरीचं पोर चालाय लागलं आन् आता तुजा संसार लागलाय व्हय गोडी?" मी तिला लाटणं दाखवलं. पण दिवसभर हसू येत होतं.

शाळेतून घरी येताना पाय उचलत नाहीत हल्ली. सकाळी पाणी, मग पोरं, मग दवाखाना, मलमपट्टी, स्वयंपाक. संध्याकाळी तवा ठेवला की तेवढंच काय ते बसणं. मीही तेव्हाच मशेरी लावते, डोकं हलकं होतं.

पायाचं मात्र नीट नाही. अंगठ्याच्या जागेची जखम ओलीच आहे. शेजारच्या बोटाला काळसर डाग दिसतोय. यांना दाखवला नाही, पण त्यांना दिसला असणारच, पाय त्यांचाच आहे.

१८ डिसेंबर

आज डॉक्टर चिडले. काळं झालेलं बोट बघितलं आणि पट्टी तशीच हातात धरून म्हणाले, "गुरुसिद्धप्पा, मला फसवा, पण शिरांना कसं फसवणार? तुम्ही बिडी ओढताय."

हे म्हणाले, "न्हाई."

"मग हे बोट कशानं मरतंय?"

यांनी गळ्यातलं लिंग हातात घेतलं. आम्हा लिंगायतांत याच्याहून मोठी शपथ नाही. लिंग तळहातावर धरून डॉक्टरांच्या डोळ्यात बघून म्हणाले, "बिडी ओढली असंल तर ह्ये माज्या गळ्यात ऱ्हाणार न्हाई."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मी नाही घातली. बालवाडीत पंधरा वर्षं काढलीत मी, देवाची शपथ घेऊन खोटं बोलणारी पोरं रोज बघते. आणि बोट तर मरतंयच ना?

१९ डिसेंबर

सापडलं!

सकाळी हे मोरीत असताना मी उशी, कोट, देवाच्या फोटोची मागची बाजू, सगळं शोधलं. बिडी नाही, काडी नाही. मग खुंटीवरचा सदरा नाकाला लावला. तंबाखू! नुसती तंबाखू. धुवायचा कपडा होता, बिडीच्या धुरात बुडवून काढल्यासारखा.

म्हणजे लिंग हातात घेऊन खोटं बोलले. देवा सिद्धरामा, या माणसाला काय म्हणू मी?

बिडी आणून देणारा एकच. धोंडीराम. मागावर यांच्या शेजारी उभा राहणारा, कुर्डुवाडीहून आलेला, वीस वर्षांची मैत्री. पाळी सुटली की रोज सायकल घेऊन येतो, तासभर ओट्यावर बसतो आणि मिलमधली कुचाळकी सांगून जातो. आज आला तेव्हा मी दारातच उभी होते. म्हटलं, "भावजी, पाऊल आत टाकायचं न्हाई. तुमी यांना बिडी पाजून मारायला निघालाय. पाय गेला की खांदा द्यायला या."

तो बघतच राहिला. "वैनी, माज्या पोराची आन. म्या कशाला..."

"आना नकोत मला. कालच एक ऐकलीय."

तो यांच्याकडं वळला. हे ओट्यावर बसले होते, पण एक शब्द बोलले नाहीत. धोंडीरामानं सायकल वळवली. थोडं पुढं गेल्यावर थांबून मागं बघितलं, मग गेला. बरं झालं. कुणीतरी वाईट व्हायला पाहिजे ना या घरात, मी झाले.

२८ डिसेंबर

दुसरं बोट काढलं. चार दिवस दवाखान्यातच होते. बालवाडीच्या मोठ्या बाईंनी रजा दिली, पण तोंड वाकडं करून.

हे माझ्याशी बोलत नाहीत. मी लिंगाच्या शपथेवर विश्वास ठेवला नाही, हे त्यांना लागलंय. दवाखान्यात तर कुणाशीच बोलले नाहीत, अन्न चिवडायचे, परिचारिकेच्या अंगावर ओरडायचे. घरी आणलं तेव्हा वाटलं, आता चुलीपाशीही येणार नाहीत.

तवा ठेवला. पानं टाकली. थोड्या वेळानं कुबडीचा टकटक आवाज आला.

बसले. बोलले नाहीत, पण बसले. चहा घेतला. जाताना म्हणाले, "साखर बरोबर हाय."

६ जानेवारी १९७८

खरं लिहायचं तर लिहिते, नीलम्मा काही वाचायला येत नाही. मी आता रोज भाजते. चाळीला एवढी मशेरी लागत नाही, डबे भरून पडलेत. पण तवा ठेवला नाही तर हे आत येत नाहीत. ठेवला की येतात. त्या तेवढ्या वेळात हा माणूस माझा असतो. बाकी वेळ तो कुणाचाच नसतो, स्वतःचाही नाही.

माझी आई म्हणायची, नवरा चुलीपाशी आला की बाईनं जिंकलं. मी जिंकले म्हणायची. फक्त सव्वीस वर्षं लागली आणि दोन बोटं गेली.

१४ जानेवारी

सिद्धरामाची जत्रा, गड्ड्याची. नंदीध्वज निघाले. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं, पांढरी बाराबंदी घालून हे नंदीध्वजांच्या काठ्यांमागं चालायचे आणि घसा बसेस्तोवर ओरडायचे. आज बाराबंदी ट्रंकेतच राहिली. लांबून हलगीचा आवाज येत होता. मी म्हटलं, "रिक्षानं जाऊ, कोपऱ्यावरून बघू." म्हणाले, "काय बघायचंय."

काय बघायचंय! या माणसाला सिद्धरामाचं काही वाटेनासं झालं, तर उरलं काय?

संध्याकाळी तिळाची पोळी केली. चवीला लागत नाही म्हणाले. तव्यापाशी बसल्यावर मात्र दीड खाल्ली.

१९ जानेवारी

डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. टाचेपाशी नवी जखम आहे. म्हणाले, "बाई, महिनाअखेरपर्यंत बघतो. नाही सुधारलं तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. पुढं हातही धरतो हा रोग. नवरा अजून तरणा आहे, पन्नाशीही नाही. कुठून ओढतोय ते शोधा."

मी म्हटलं, "शोधलं. तोडलं. आता घरात कुणी येत न्हाई."

"मग?"

मग काय, मला काय ठाऊक. मला फक्त झोपायचंय. दवाखान्यातून येताना बसमध्ये उभ्या उभ्या डोळा लागला आणि दोन थांबे पुढं गेले.

२३ जानेवारी

कसं लिहू.

आज डॉक्टर यांची पट्टी बदलत होते. मी यांचा पाय धरून उभी होते. डॉक्टर वाकले, थांबले, परत वाकले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुम्ही बिडी ओढता का?"

मला असा राग आला! चार माणसांत. म्हटलं, "डॉक्टर, आमी लिंगायत हाओत. आमच्या घरात बाई बिडी ओढत न्हाई."

"मग पदराला तंबाखूचा वास कसला येतोय?"

मी म्हटलं, "तो होय, मशेरीचा. भाजते मी घरी."

"किती वेळा?"

यांनी सांगितलं. "रोज."

"आणि तुम्ही तेव्हा कुठं असता, गुरुसिद्धप्पा?"

परिचारिका पट्टी गुंडाळायची थांबली.

मी म्हटलं, "पण ती मशेरी हाय. दात घासायची." म्हणताना माझं मलाच ऐकू आलं. पानं तर त्याच दुकानातून येतात. बिडीत भरतात तीच. दसऱ्यापासून मी म्हणत आले, माझ्या घरात तंबाखूला बंदी, आणि वर तव्यावर तंबाखू.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची दिली, आणि समजावून सांगितलं, बालवाडीच्या बाईला समजेल असं. धूर बिडीचा असो की तव्याचा, त्यातलं निकोटीन छातीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं. मेंदूत डोपामिन म्हणून एक द्रव्य आहे, त्याचा बरं वाटण्याशी संबंध आहे. ते येऊन टेकायला पेशींवर जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. निकोटीन गेलं की ते द्रव्य भसाभसा सुटतं. वर्षानुवर्षं तसं झालं की त्या जागांचं सगळं तंत्र बिघडत असावं, मग साध्या गोष्टी त्यांना पुरत नाहीत. जेवण, चहा, नातवंड, सगळं अळणी लागतं. "हे अजून शोधतायत," ते म्हणाले, "परदेशात उंदरांवर प्रयोग चाललेत, मी मासिकात वाचलं. माणसाचं पक्कं कुणाला माहीत नाही. पण पायाचं पक्कं आहे. त्या शिरांना एवढासा धूरही चालत नाही."

आमच्या बालवाडीत दप्तरं अडकवायच्या खुंट्या आहेत. एखाद्या दांडग्या पोरानं रोज त्यांना लोंबकळून झोके घेतले की खुंट्या वाकतात, मग बारक्या पोराची पिशवी अडकवली की घसरून पडते. तसंच काहीतरी मी समजले. विचारलं, "त्या परत सरळ होतात का?"

"बहुतेक होतात. वेळ लागतो. किती, ते सांगता येत नाही."

येताना रिक्षात एकेक जुळत गेलं. सदऱ्याचा वास माझ्या तव्याचा होता. धोंडीरामाला मी दारातून हाकललं. यांनी लिंग हातात धरलं होतं आणि ते खरं बोलत होते. दुसरं बोट मी भाजलं.

२४ जानेवारी

सासूबाईंचा तवा भंगारवाल्याला दिला. फोडणार होते, पण बिड आहे, हातून फुटेना. शेजारणीला दिला असता तर तो भिंतीपलीकडं तापला असता. डबे गटारात ओतले. सोजरबाई बोंबलली, "अगं, सोन्यासारकी मिसरी!" मी तिला सांगितलं, तुझी तू भाज, पण आमच्या भिंतीला लागून नाही, चाळीच्या टोकाला पत्र्याच्या आडोशामागं जाऊन भाज. तिनं तोंड फिरवलं. मग थोड्या वेळानं येऊन विचारलं, "खरंच पाय जातो का गं त्येनं?" म्हणाली पत्र्यामागं भाजते. भाजेल.

माझीही मशेरी बंद. सकाळी बोट दाताकडं गेलं आणि रिकामंच परत आलं.

२९ जानेवारी

डोकं फुटतंय. शाळेत एका पोराला उगीच धपाटा घातला, मग त्याला मांडीवर घेऊन बसले. काहीच गोड वाटत नाही. आज कळलं, हे गेले चार महिने कुठं होते ते.

संध्याकाळी हे आत आले. रोजच्या वेळेला, तसाच पाट ओढून. चुलीवर भात होता. बसले. इकडं तिकडं बघितलं. मी म्हटलं, "बोला की." म्हणाले, "काय बोलू." भाताला उकळी यायच्या आधी उठले.

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "तुमाला ठाऊक होतं का, धुरानं बरं वाटतंय म्हणून?"

कुबडी टेकून दारातच उभे राहिले. "हितं बसलं की बरं वाटायचं. कशानं वाटायचं, त्ये म्या इचारलं न्हाई सोताला. भ्या वाटत होतं."

"कशाचं?"

"तू तवा उतरवशील म्हणून."

मग बाहेर गेले. माझ्यासाठी यायचे की तव्यासाठी, हे मी पुढं विचारलं नाही. उत्तर भातासमोरून उठून गेलं होतं.

३१ जानेवारी

डॉक्टरांनी पाय बघितला. म्हणाले, "अजून एक महिना देतो." मी त्यांच्या पायाच पडायला निघाले होते, त्यांनी हात धरला.

५ फेब्रुवारी

धोंडीरामाच्या घरी गेले. मिलच्या मागच्या चाळीत, एकटीच. वाटेत चारदा परत फिरावंसं वाटलं. त्याची बायको वच्छला दारात दळण निवडत होती, तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

मी सरळ सांगितलं. बिडी नव्हती, माझा तवा होता. धोंडीराम ऐकत होता. मग म्हणाला, "वैनी, म्या तर तुमच्याकडं यायच्या आदी बिडीचं बंडल पानवाल्याकडं ठेवत होतो. तोंड धूत होतो नळावर. म्हनलं गुरुअण्णाला वास लागाय नको."

मी उंबऱ्यावरच बसले. वच्छलानं पाणी आणून दिलं. म्हणाली, "जाऊ द्या आता, वैनी. ह्ये रोज पाळी सुटली की सायकल तुमच्या गल्लीकडंच वळवत्यात, आन् परत माघारी येत्यात."

संध्याकाळी धोंडीराम ओट्यावर होता. दोघं गप्पच बसले होते. पण शेजारी शेजारी.

१९ फेब्रुवारी

भांडण. मी भाकरी थापत होते, हे आतून ओरडले की भाकरी आहे का पापड. मी म्हटलं, ज्याचं तोंड मेलंय त्याला काय कळणार. म्हणाले, माझं तोंड मेलंय, तुझी जीभ मेली असती तर घर सुखी झालं असतं. मी भाकरी तव्यावर तशीच टाकून शेजारी जाऊन बसले. सोजरबाई म्हणाली, "तुमी दोगं पयल्यासारकं चुलीपाशी बसा की." तिला काय सांगू, ते बसणं कशाचं होतं.

घरात आम्ही दोघं आहोत आणि दोघांच्याही खुंट्या वाकड्या. कुणी कुणाची पिशवी अडकवायची?

२८ फेब्रुवारी

टाचेची जखम कोरडी पडायला लागली आहे. कडा गुलाबी आहेत. डॉक्टर म्हणाले, "कापायचं तूर्त राहू दे." तूर्त! पण राहू दे म्हणाले. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडले. हे कुबडीवर उभे, माझ्या डोक्यावर हात ठेवावा का नाही अशा घोटाळ्यात. शेवटी म्हणाले, "चल, बस जाईल."

१९ मार्च

ऊन वाढलं. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. पाय बरा होतोय, हळू, पण होतोय. हे मात्र आत येत नाहीत. आता पाट मीच भिंतीला टेकवून ठेवला, पायात येतो म्हणून. संध्याकाळी मी चुलीपाशी एकटी असते आणि ते ओट्यावर, मध्ये एक भिंत.

तो धुराचा माणूस होता, गेला, असं मी स्वतःला सांगते. पाय राहिला ना? पाय मागितला होता, पाय मिळाला. हावरटपणा करू नये.

तरी तो टोपी डोळ्यांवर आलेला नवरदेव मला रोज संध्याकाळी आठवतो. तेवढं मात्र खोटं नसेल. ते तव्यानं कुठून आणलं असतं?

८ एप्रिल

पाडवा. गुढी सोजरबाईच्या मदतीनं उभारली. काल डॉक्टरांनी पट्टी काढली ती परत बांधलीच नाही. दोन बोटं कमी, बाकी पाय पायासारखा पाय. मिलमध्ये बसून करायचं काम मिळेल म्हणून धोंडीराम साहेबाला भेटून आलाय.

दुपारी पुरणपोळी केली. हे गुमान जेवले.

संध्याकाळी चहा केला आणि नेहमीसारखी आतून हाक मारणार होते, "घ्या." मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोन्ही कप घेतले आणि ओट्यावर गेले. आमच्या चाळीत बाई नवऱ्याच्या शेजारी ओट्यावर बसून चहा पीत नाही. समोरच्या खिडक्यांत लगेच दोन डोकी आली. येऊ देत. सव्वीस वर्षं मी चुलीपाशी वाट बघितली, आता पाय दुखतात माझे.

यांनी बघितलं. कुबडी उचलून पलीकडं ठेवली. मी बसले. रस्त्यावर पोरं गुढीच्या साखरेच्या माळा खात चालली होती. हे त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

मग एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, केवढी साखर घातलीस!"

एवढा जीव काढून बाहेर येऊन बसले तर त्यातही खोट. दोनच चमचे घातली होती, गेली कित्येक वर्षं घालते तेवढीच, आणि हिवाळाभर तर ती कमी कमी म्हणून माझा जीव खाल्ला. या माणसाला कशानं बरं वाटेल, देवालाच ठाऊक. उद्यापासून दीड घालीन.